टेकडीवरचे शेजारी

कुत्रा पाळावा असे आमच्या घरात कोणाच्याच मनात नव्हते. २०१८ सालच्या मार्गशीर्षात, चंपाषष्ठीची गर्दी ओसरल्यावर, आम्ही तिघे जेजुरीला गेलो होतो. गड उतरताना भंडाऱ्याने पिवळे झालेले एक पिल्लू आमच्या कन्येच्या चपलेला नाक लावून बसले, ते काही केल्या उठेना. "खंडोबाच्या दारचं कुत्रं आहे, त्याला नाही कसं म्हणायचं?" असा शास्त्रार्थ आमच्या सौभाग्यवतींनी केला आणि पुण्यापर्यंतचा प्रवास त्या पिल्लाने माझ्या मांडीवर बसून केला. घरी पोचलो तेव्हा माझी पाटलोण पिवळी झाली होती. त्यातला भंडारा किती आणि इतर किती, हा वाद मी घातला नाही.

नाव अर्थातच 'खंड्या' पडले.

२०२१ साली कन्या नोकरीसाठी बंगळूरला गेली. जाताना तिने आईला मिठी मारली, खंड्याचा मुका घेतला आणि माझ्या हातात सूचनांचा एक कागद ठेवला. पहिलीच सूचना होती : 'रोज सकाळी त्याला टेकडीवर नेणे.' त्याच सुमारास डॉक्टरांनीही रक्तातल्या साखरेचा आकडा पाहून मला रोज पाऊण तास चालायला सांगितले होते. म्हणजे कोण कोणाला फिरवतो हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनच अनिर्णीत राहिला. सेनापती बापट रस्त्यावरून पहाटे जाणाऱ्यांनी साखळीच्या एका टोकाला उत्साह आणि दुसऱ्या टोकाला मला पाहिले असेल.

आमची टेकडी म्हणजे वेताळ टेकडी. पुण्यात राहून ज्यांनी ती पाहिली नाही असे लोक आहेत. पर्वती आणि सिंहगड यांच्यामध्ये तिचा मान हरवला आहे. पण पुणे शहराच्या हद्दीतली सर्वांत उंच जागा तीच. समुद्रसपाटीपासून सुमारे २,६०० फूट. माथ्यावर वेताळाचे छोटे देऊळ, पलीकडे दगडाची जुनी खाण, खाणीत साठलेले पाणी. हवा स्वच्छ असली तर दूरवर सिंहगड दिसतो आणि खाली सगळे शहर, काड्यापेट्या मांडून ठेवाव्यात तसे. गोखलेनगरच्या बाजूने मी आणि खंड्या चढू लागलो, तेव्हा टेकडीवर झाडे आहेत, दगड आहेत आणि माझ्यासारखी मधुमेही माणसे आहेत, एवढेच मला ठाऊक होते.

बाकीची वस्ती मला खंड्याने दाखवली.

माणूस डोळ्यांनी फिरतो. कुत्रा नाकाने फिरतो. मी ज्याला मोकळा माळ म्हणत होतो, ते खंड्याच्या लेखी सकाळचे ताजे वर्तमानपत्र होते. एखाद्या झुडपापाशी तो थबकायचा, श्वास ओढून ओढून अग्रलेख वाचावा तसा वाचत राहायचा आणि मग कान उभे करून एका दिशेला बघायचा. पहिले काही दिवस मी साखळीला हिसका देऊन 'चल रे' म्हणत असे. मग एकदा कंटाळून तो बघतो आहे तिकडे मीही बघितले. करवंदीच्या जाळीतून एक मुंगूस अर्धवट उभे राहून आम्हा दोघांकडे पाहत होते. त्याच्या चेहऱ्यावर भाडेकरूकडे पाहणाऱ्या घरमालकाचा भाव होता. क्षणभराने ते वळले आणि शेपटीमागे शेपटी अशी त्याची सगळी बिऱ्हाडे पायवाट ओलांडून गेली. साठ वर्षे पुण्यात काढून मी इतक्या जवळून मुंगूस पाहिले नव्हते.

तेव्हापासून मी खंड्याच्या कानांवर नजर ठेवून चालू लागलो. कान पुढे झाले की जमिनीवर काहीतरी आहे. मान वर झाली की झाडावर. फेब्रुवारीत गिरिपुष्पाची झाडे निष्पर्ण होऊन गुलाबी फुलांनी भरतात. ही झाडे मूळची इकडची नव्हेत. टेकडी हिरवी करायची म्हणून लावली गेली आणि इथलीच होऊन बसली. त्या गुलाबी फांद्यांत राखी धनेशाची जोडी बसलेली खंड्याने मला दाखवली. एवढी थोरली चोच घेऊन हा पक्षी उडतो कसा, असा मला प्रश्न पडला. पण तो उडतो, आणि मोठ्या डौलाने उडतो. पहाटे अंधारात निघालो तर वाटेच्या मधोमध मातीचे ढेकूळ पडलेले असे. खंड्या दोन पावलांवर आला की ढेकळाला पंख फुटत आणि ते आवाज न करता पुढे जाऊन पुन्हा ढेकूळ होई. तो रातवा. टणक जमिनीवर चेंडू सोडून द्यावा आणि त्याने टप्पे घेत घेत थांबावे, तशी त्याची हाक. मोरांचे तर विचारूच नका. १९६३ पासून तो आपला राष्ट्रीय पक्षी आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मोठे अभय दिले आहे. आमच्या टेकडीवरच्या मोरांना या दोन्ही गोष्टी पाठ असाव्यात. जूनमध्ये एकदा पिसारा फुलवलेला मोर थेट वाटेवर उभा राहिला. खंड्याने भुंकण्यासाठी तोंड उघडले आणि ते तसेच उघडे राहिले. मोराने आमच्याकडे पाठ फिरवून नृत्य पुरे केले.

नावाचा एक घोटाळा मात्र रोज व्हायचा. खाणीच्या पाण्याकाठी दुर्बिणी घेऊन पक्षी पाहणारी तरुण मंडळी असतात. मी लांबून "खंड्या! अरे खंड्या!" अशी हाक मारली की सगळ्या दुर्बिणी गर्रकन वळत. "कुठे, काका? कुठे?" कारण खंड्या हे एका निळ्या पाखराचेही नाव, पाण्यावर टपून मासे टिपणारे. माझा खंड्या जीभ बाहेर काढून धावत आला की त्यांची निराशा होई. त्यांतल्या एका मुलीशी यावरूनच ओळख झाली. महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकत होती. मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' मी तिच्या सांगण्यावरून आणला. २०२५ च्या जूनमध्ये चितमपल्ली गेले, त्या दिवशी मी तो पुन्हा काढून बसलो होतो. पाखरांची मराठी नावे रानातल्या माणसांच्या तोंडून वेचून आपल्या हाती देणारा हा माणूस. त्याच्यामुळे मला शेजाऱ्यांची नावे कळली. नाव कळले की शेजार सुरू होतो.

त्या मुलीनेच मला टिटवी दाखवली. म्हणजे टिटवी मला ठाऊक होती. रात्रीची ओरडली तर अशुभ, एवढी. पंचतंत्रातली समुद्राशी भांडणारी टिटवीही लहानपणी ऐकली होती. पण पिवळ्या काटकुळ्या पायांची, डोळ्यांपुढे लाल चामडी मिरवणारी, काळा-पांढरा पोशाख केलेली ती बाई मी नीट पाहिली ती खाणीजवळच्या मुरमाड माळावर. "काका, ही काय म्हणते सांगा," मुलगी म्हणाली. मी म्हटले, "टिटीव् टिटीव्." ती हसली. "इंग्रजांना तिच्या ओरडण्यात 'डिड ही डू इट?' असं ऐकू यायचं. 'त्यानं केलं का?' असं विचारत फिरते म्हणे."

मलाही हसू आले. जातीने फौजदार दिसते, असे मी म्हणालो.

आता एक कबुली. पहिल्या काही महिन्यांनंतर मी माथ्यावर पोचलो की खंड्याची साखळी सोडून देत असे. कन्येच्या कागदावर 'साखळी सोडू नये' असे स्पष्ट लिहिले होते. पण बंगळूर लांब आहे. मोकळा सुटलेला खंड्या माळावरून वाऱ्यासारखा धावायचा आणि त्याच्या त्या धावण्याने माझेच सांधे सुटल्यासारखे वाटायचे. शिवाय २०२२ च्या पावसाळ्यात एक गोष्ट घडली होती. गवत गुडघाभर वाढलेले, मी आपल्याच विचारात. खंड्या एकाएकी माझ्यापुढे आडवा उभा राहिला आणि गुरगुरू लागला. मी चिडून त्याला बाजूला सारणार, तोच गवतातून कुकरची वाफ सुटावी तसा आवाज आला. घोणस होती. पुढचे पाऊल तिच्यावरच पडले असते. त्या दिवशी घरी येऊन मी सौभाग्यवतींना सांगितले, "या कुत्र्याने माझा जीव वाचवला." तिने त्याला शिरा केला, मला, साखरेमुळे, नुसता वास. अशा कुत्र्याला टेकडीवर तरी बांधून का ठेवायचे, असा माझा युक्तिवाद होता. तो हुशार आहे, गुणी आहे, कोणाला काही करत नाही.

२०२३ च्या एप्रिल महिन्यात पुणेकरांनी वेताळ टेकडी वाचवण्यासाठी मोर्चा काढला. टेकडीच्या पोटातून बोगदे आणि कडेने रस्ता नेण्याचे बेत चालले होते. आयुष्यात कधी घोषणा न दिलेला मी त्या मोर्चात गेलो. हाती फलक धरला, 'टेकडी आमची आई' असे ओरडलो, घसा बसवून घेतला. घरी आल्यावर गुळण्या करताना मला स्वतःचा थोडा अभिमानच वाटत होता.

मे महिना उजाडला. सकाळी सातलाच ऊन लागे. त्या दिवशी खाणीजवळ मोर्चातले एक गृहस्थ भेटले. आम्ही दोघे बाभळीच्या सावलीत उभे राहून टेकडीच्या भवितव्यावर बोलत होतो. रस्ता झाला तर पाखरांनी कुठे जायचे, हा मुद्दा मी मांडत होतो. खंड्या मोकळा होता. डोक्यावर दोन टिटव्या कर्कश ओरडत होत्या. खाली झेपावत, पुन्हा वर जात. मी म्हणालो, "टिटवी ही ओरडायचीच." आणि पुढे बोलत राहिलो.

ओरडणे थांबेना तेव्हा मी वळून पाहिले. खंड्या माळाच्या मधोमध खाली मान घालून उभा होता. त्याच्या पाठीवर त्या दोघी अक्षरशः चोची आपटत होत्या, आणि तो शेपटी हलवत होता. मी धावलो. जवळ गेलो तेव्हा त्याच्या तोंडाला पिवळे लागलेले दिसले.

टिटवी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर चार खडे इकडे, चार तिकडे करते आणि त्यांत चार अंडी घालते. मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची, टोके आत करून फुलासारखी मांडलेली. उन्हाच्या कहारात ती पाण्यात जाऊन पोटाची पिसे भिजवून येते आणि त्या ओलाव्याने अंडी निववते. खाणीच्या पाण्यात मी तिला अशी भिजताना पाहिली होती आणि आंघोळ करते आहे असे समजून कौतुक केले होते. चारांपैकी तीन अंड्यांची टरफले तिथे पडली होती. चौथे खंड्याच्या पंज्याशी शाबूत होते.

मी साखळी उचलली आणि मारायला हात उगारला. खंड्या मान खाली घालून पोटावर बसला. काय चुकले हे त्याला कळले नव्हते. मी रागावलो आहे, एवढेच कळले होते.

"अवो दादा, त्याला काय मारता?"

पायथ्याच्या वस्तीतल्या शेळ्या चारणाऱ्या एक मावशी मागे उभ्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. रोजची आमची 'काय मावशी', 'बरं हाय' इतकीच ओळख.

"तीन अंडी खाल्लीन् त्यानं," मी म्हणालो.

"कुत्र्यानं अंडं खाल्लं, त्यात त्येचं काय चुकलं? साकळी कुनाच्या हातात व्हती?"

त्या शेळ्या हाकत निघून गेल्या. वर टिटवी ओरडतच होती. तिचे काय म्हणणे आहे ते इंग्रजांना विचारायची मला आता गरज राहिली नव्हती. त्याने केले का? नाही, बाई. त्याने नाही.

खंड्याला बांधून मी बाभळीपाशी परतलो. ते गृहस्थ समजूत घालू लागले की निसर्गात हे चालायचेच. पण हे निसर्गात चालायचेच होते कुठे? खंड्याने घरी दूध-पोळी खाल्ली होती. त्याला भूक नव्हती. मुंगूस अंडे खाते ते पोटासाठी. माझ्या कुत्र्याने खाल्ले ते मी बोलण्यात रंगलो होतो म्हणून. बोगदे झाले असते तर मी ओरडलो असतो. माझ्या हातून झाले तेव्हा मी टेकडीवर भाषण करत होतो.

दुसऱ्या दिवशी मी त्या प्राणिशास्त्राच्या मुलीला सगळे सांगितले. ती रागावेल असे वाटले होते. रागावली असती तर बरे झाले असते. ती म्हणाली, "काका, एक अंडं उरलंय ना? मग आता एकच करा. जवळ जाऊ नका. तुम्ही वाकून पाहता तेव्हा झाडावरचा कावळाही तुम्हाला पाहत असतो. माणूस कुठे वाकला ते तो लक्षात ठेवतो." मग तिने मला आणखी काही सांगितले. २०१८ साली गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह थोड्याच दिवसांत दगावले. त्यांतल्या काहींच्या अंगात डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा रोग कुत्र्यांना होतो. खंड्याला आम्ही दरवर्षी त्याचीच लस टोचून आणतो. म्हणजे पाळीव आणि रानटी यांच्यामध्ये आपण समजतो तेवढी मोठी भिंत नाही. जी आहे ती साखळीएवढी.

पुढचे दिवस मी कसे काढले ते सौभाग्यवतीच सांगू शकेल. टिटवीचे अंडे फुटायला अठ्ठावीस ते तीस दिवस लागतात. ते घातले कधी हे मला ठाऊक नव्हते, म्हणून मी रोज सकाळी बाभळीखाली, पन्नास-साठ पावलांवर, खंड्याला जवळ घेऊन बसत असे. साखळी मनगटाला दोन वेढे देऊन. कन्येची जुनी दुर्बीण घेऊन मी पाहायचो : ती बसली आहे का? बसलेली असायची. एका अंड्यावर, भर उन्हात, चोच उघडी ठेवून. मध्येच जोडीदार यायचा, ती उठायची, तो बसायचा. खंड्या पहिले दोन दिवस ओढ घेत राहिला. मग माझ्या पायावर हनुवटी ठेवून तोही तिकडे बघू लागला. आपण काय पाहतो आहोत हे त्याला काय कळत होते, देव जाणे. घरी मी जेवताना म्हणायचो, "आज ती बसलेली होती." आणि सौभाग्यवती, जिने टिटवी जन्मात पाहिली नव्हती, ती विचारायची, "ऊन फार आहे हो, सावलीला नाही का बसता येत तिला?"

अकराव्या दिवशी जागा रिकामी होती.

टिटवीची पिल्ले अंड्यातून निघाली की काही तासांत चालू लागतात आणि आईबरोबर निघून जातात. तेव्हा रिकामी जागा पिल्लाचीही असू शकते आणि कावळ्याचीही. मी त्या मुलीला विचारले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "सांगता येणार नाही, काका." तिने खोटे सांगितले नाही, याबद्दल मी तिचा आभारी आहे. पुढे मृगाचा पाऊस आला, लाल मखमली किडे मातीवर आले, माळ हिरवा झाला आणि कुठे काय होते त्याची खूण उरली नाही.

मी त्यानंतर टेकडीवर साखळी सोडलेली नाही. प्रथम वाटले, खंड्या हिरमुसेल. तसे फारसे झाले नाही. संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या कुंपणाआड तो मनसोक्त धावतो. टेकडीवर तो माझ्या चालीने चालतो. आणि गंमत अशी की, साखळी आल्यापासून आम्हाला शेजारी जास्त दिसू लागले. पूर्वी खंड्या पुढे धावत जाई आणि मी पोचेपर्यंत सगळे पळालेले असत. आता ससा दहा पावलांवर कान हलवत बसून राहतो. तितरांचा थवा पळत पळत वाट ओलांडतो, उडत नाही. मुंगुसाने आम्हाला भाडेकरू म्हणून मान्य केले असावे.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या मे महिन्यात, त्याच माळाच्या दुसऱ्या कडेला टिटवीचा ओरडा सुरू झाला. मी तिथेच थांबलो. खंड्याचे कान पुढे झाले. मी साखळी आखूड केली आणि दोघेही मागे सरकून खाली बसलो. हळूहळू ओरडणे थांबले. आणि मग मुरमातून एक खडा उठला आणि चालू लागला. त्याच्यामागे दुसरा. मग तिसरा. कापसाच्या बोंडाला काड्या टोचाव्यात तसे पाय. वर घार आली, टिटवीने एकच आवाज दिला आणि तिन्ही पिल्ले जागच्या जागी पुन्हा खडे झाली. घार निघून गेली. खडे चालू लागले.

हे गेल्या वर्षीचेच जोडपे की दुसरे, कसे सांगावे? टिटवीच्या गळ्यात पट्टा नसतो.

मावशी शेळ्या घेऊन चालल्या होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिले, माळाकडे पाहिले, आणि माझ्या मनगटाच्या वेढ्याकडे पाहिले.

"किती हाईत?"

"तीन, मावशी."

"असू द्यात," त्या म्हणाल्या आणि शेळ्यांना माळावरून न नेता लांबच्या वाटेने वळवून घेऊन गेल्या.

खंड्या आता सात वर्षांचा झाला आहे. चढावर तोही मधून मधून थांबतो. मी त्याच्यासाठी थांबलो असे तो समजतो, तो माझ्यासाठी थांबला असे मी समजतो. दिवाळीला कन्या येणार आहे. तिचा तो सूचनांचा कागद मी जपून ठेवला आहे. 'साखळी सोडू नये' या ओळीखाली मी शिसपेन्सिलीने एक रेघ ओढली आहे. ती पाहून ती काही विचारील, तर तिला पहाटे टेकडीवर घेऊन जाईन म्हणतो.